लाली उतरवण्याची घाई

१९६९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये शेफिल्डचे त्वचारोगतज्ज्ञ इयन स्नेडन यांचा एक लेख छापून आला. फ्लोरिनयुक्त स्टेरॉइडची मलमं रोझेशिया या चेहऱ्याच्या आजाराच्या रुग्णांचं भलं करण्याऐवजी नुकसानच करतात, असा त्याचा रोख होता. ही मलमं बाजारात येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती आणि इतकं गुणकारी काही त्वचेच्या डॉक्टरांच्या हाती पूर्वी कधी लागलंच नव्हतं. मलम लावलं की गालांवरची लाली काही दिवसांत उतरे, पुटकुळ्या बसत, रुग्ण खूश होई. स्नेडन यांनी त्याच्या पुढचं पाहिलं. मलम चालू असतानाच कातडी पातळ होत जाई, तिच्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या वर दिसू लागत, आणि मलम थांबवलं की दबलेला आजार पूर्वीपेक्षा जोरात उसळे. घाबरलेला रुग्ण पुन्हा तीच ट्यूब उघडे, लाली पुन्हा उतरे, आणि त्या औषधावरचा त्याचा विश्वास आणखी पक्का होई.

रोझेशियासाठी चेहऱ्याला लावायच्या औषधांचा इतिहास सहाशे वर्षांहून जुना आहे. त्यात औषधं बदलली, आजाराच्या कारणांबद्दलच्या समजुती बदलल्या, पण गुण आला की नाही हे ठरवायचं माप मात्र फार उशिरापर्यंत एकच राहिलं: लाली किती लवकर गेली. माझ्या मते या इतिहासातली मोठी फसगत या मापाने झाली आहे. आजाराचा स्वभावच तसा आहे. साधारण तिशीनंतर गाल, नाक, कपाळ आणि हनुवटी तापल्यासारखी लाल होऊ लागतात. आधी ही लाली येते-जाते, मग मुक्काम ठोकते; त्यावर पुटकुळ्या येतात, रक्तवाहिन्यांची जाळी दिसते, काहींचे डोळे चुरचुरतात, काहींचं, विशेषतः पुरुषांचं, नाक जाडजूड होतं. आजार वर्षानुवर्षं चालतो, पण सारख्या जोराने नाही. तो उसळतो आणि आपोआप उतरतोही. माणूस औषध शोधतो तो उसळीच्या टोकावर. म्हणजे त्या दिवशी जे काही लावलं, त्याला पुढच्या उताराचं श्रेय फुकटात मिळणार. त्यात ही त्वचा भलतीच हळवी असते. साध्या साबणानेही तिची आग होते. औषधाने केलेली इजा आणि आजाराची उसळी वरून सारख्याच दिसतात, आणि त्यामुळे दोष औषधाचा असला तरी बोल आजाराला लागतो.

चौदाव्या शतकातला फ्रेंच शल्यवैद्य गी द शोलियाक याने चेहऱ्याच्या या लालीची नोंद केली होती. त्याच शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसर याने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये चर्चच्या न्यायालयाचा एक समन्स बजावणारा रंगवला. त्याचा चेहरा आगीसारखा लाल, पुटकुळ्यांनी भरलेला. पोरं त्याला पाहून घाबरत. लसूण, कांदा आणि कडक लाल वाइन हे त्याचे शौक. चॉसरने त्याच्यावर चालवून पाहिलेल्या औषधांची यादीच दिली आहे: पारा, मुर्दाडशिंग, गंधक, टाकणखार, शिशाचा सफेदा आणि टार्टरचं तेल. एकाचाही उपयोग झाला नाही. या पात्राला नेमकं काय झालं होतं यावर अभ्यासकांत वाद आहे. काहींनी ते कुष्ठरोगाचं वर्णन मानलं आहे. तो वाद मिटला नाही तरी आपलं काम अडत नाही, कारण लाल चेहऱ्यावर त्या काळी काय चोळत असत याचा पुरावा म्हणून ती यादी पुरेशी आहे. पारा आणि शिसं यांनी कातडी सोलवटायची, टार्टरच्या तेलासारख्या तीव्र अल्कलीने भाजायची, हा तिचा सूर. साधारण शंभर वर्षांनी, १४९० च्या सुमारास, फ्लॉरेन्सच्या गिरलांदायोने फोडांनी ओबडधोबड झालेल्या नाकाचा एक म्हातारा रंगवला. त्याच्या मांडीशी बिलगलेला नातू त्या चेहऱ्याकडे टक लावून पाहतो आहे, न घाबरता. हे चित्र आज लूव्र संग्रहालयात आहे. औषधांच्या इतिहासात त्याला जागा नाही, पण चॉसरच्या पोरांशेजारी ते ठेवावंसं वाटतं.

सोलण्याची ही रीत अठराव्या शतकात बाटलीत भरून विकली गेली. इंग्लंडमध्ये गाउलंडचं लोशन घरोघरी माहीत होतं. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’मध्ये सर वॉल्टर एलियट त्याची शिफारस करतात ती चेहऱ्यावरचे डाग घालवण्यासाठी. बदामाच्या दुधासारख्या या पांढऱ्या पाण्यात पाऱ्याचा अत्यंत जहाल क्षार विरघळवलेला असे. तो लावला की वरची कातडी सुटून येई आणि खालची नवी, गुळगुळीत कातडी काही दिवस मिरवता येई. ज्याच्या कातडीचा वरचा पडदा आधीच दुबळा, त्याच्या बाबतीत याचा अर्थ काय होत असेल हे वेगळं सांगायला नको. विकणाऱ्याला मात्र त्याची झळ पोचत नव्हती: चेहरा नितळ दिसला तर लोशनचा गुण, लाली परतली तर आणखी एक बाटली.

१८१३ साली लंडनच्या टॉमस बेटमन याने त्वचारोगांच्या आपल्या पुस्तकात या आजाराला मुरुमांच्या चार प्रकारांतला एक म्हणून जागा दिली. ही जागा पुढे दीडशे वर्षं टिकली आणि तिने बरंच नुकसान केलं, कारण मुरुमं सुकवणारी, साल काढणारी औषधं इथेही हक्काने वापरली गेली. दुसरा संशय दारूवर होता. दारूने चेहरा तापतो हे खरं, पण आयुष्यात थेंबही न घेतलेल्यांना हा आजार होतो, आणि त्यांना उगाच दारुड्याचा शिक्का सोसावा लागला. त्यानंतर पाळी पोटाची. १९२० साली राइल आणि बार्बर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये रोझेशियाच्या रुग्णांच्या जठररसाची तपासणी छापली, पोटात आम्ल कमी पडतं म्हणून चेहरा लाल होतो, अशी समजूत रुजली आणि रुग्णांना जेवणाबरोबर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल पाजलं जाऊ लागलं. १९३९ मध्ये क्लेबर आणि विटकोवर यांनी भावनिक ताणाकडे बोट दाखवलं. गरम चहा-कॉफीवरचा आरोप तर अजून ऐकू येतो. १९८१ मध्ये जोनाथन विल्किन यांनी तो नीट तपासला: ६० अंश सेल्सिअसच्या कॉफीने चेहरा लाल झाला, तितक्याच गरम साध्या पाण्यानेही झाला, पण २२ अंशांची कॉफी पिऊन काहीच झालं नाही. दोष कॉफीचा नव्हता, तिच्या वाफाळतेपणाचा होता.

जुन्या औषधांना सरसकट मोडीत काढायचं का, असा आक्षेप इथे कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. चॉसरच्याच यादीतलं गंधक टिकलं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कुमरफेल्डचं लोशन लोकप्रिय होतं. त्यात गंधकाची पूड, कापूर, चुन्याची निवळी आणि गुलाबपाणी असे. बाटली ठेवली की गंधक तळाशी बसे, म्हणून लावण्याआधी ती हलवून घ्यावी लागे, आणि रात्रभर चेहऱ्यावर पिवळट थर घेऊन झोपावं लागे. वास यायचा तो वेगळाच. हॅम्बुर्गचे पाउल गेर्सन उना यांनी १८८० च्या दशकात शेल खडकातल्या तेलापासून केलेलं, गंधकयुक्त, काळंकुट्ट इक्थिऑल रूढ केलं. ही औषधं सावकाश काम करत, पहिल्या आठवड्यात फारसं काही दाखवत नसत, आणि बंद केल्यावर सूडही उगवत नसत. सोडियम सल्फासेटामाइडच्या जोडीने गंधक आजही रोझेशियासाठी लिहून दिलं जातं. जलद औषधांच्या तुलनेत ते कायम मागच्या बाकावर राहिलं, याचं कारण गुण कमी हे नसून गुण दिसायला लागणारा वेळ हे आहे. प्रमाण जास्त झालं तर गंधकही कातडी कोरडी करतं, पण ती चूक दुरुस्त होण्यासारखी असते.

स्टेरॉइडची गोष्ट याच्या नेमकी उलट. १९५२ साली सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून गुण येतो हे दाखवलं. दशक संपण्याआधी रेणूत फ्लोरिन जोडलेली, कित्येक पटींनी जोरदार स्टेरॉइडं आली, आणि साठच्या दशकात बीटामेथासोन. ती सूज दाबतात आणि रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणजे रोझेशियात डोळ्यांना जे जे खुपतं ते सगळं झटक्यात झाकतात. लाली लवकर जाणं हेच माप असेल तर याहून चांगलं औषध असूच शकत नाही. म्हणूनच स्नेडन यांच्या लेखाचं महत्त्व नव्या औषधाच्या शोधाइतकं आहे: त्यांनी औषध थांबवल्यानंतरचे दिवस हिशेबात धरले. १९७४ मध्ये लायडेन, थ्यू आणि क्लिगमन यांनी अमेरिकेत याच अवस्थेला ‘स्टेरॉइड रोझेशिया’ हे नाव दिलं. गंमत अशी की पुढच्याच वर्षी त्याच क्लिगमन यांनी विलिस यांच्याबरोबर काळे डाग उजळवण्याचं एक मिश्रण प्रसिद्ध केलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन. तिसरा घटक स्टेरॉइड. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवडे वापरायचं ते औषध होतं. या जातीच्या मिश्रणांचं पुढे काय झालं हे पाहायचं तर भारतात यावं लागतं.

आपल्याकडे वांग घालवायची, गोरं करायची, मुरुमांवरची, झालंच तर दाढीनंतर लावायची ‘क्रीम’ म्हणून अशा ट्यूब नाक्यावरच्या मेडिकलमधून वर्षानुवर्षं विकल्या गेल्या. भारतातल्या निरनिराळ्या केंद्रांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यांपैकी २५७ जणांना ते सुचवणारा माणूस डॉक्टर नव्हता. गव्हाळ-सावळ्या वर्णावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून रोझेशिया हा गोऱ्या लोकांचा आजार अशी समजूत इथल्या वैद्यकातही बराच काळ होती. रुग्ण म्हणतो चेहऱ्याची आग होते, उन्हात गेलं की चुरचुरतं. त्याला ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून ट्यूब मिळते आणि नसलेला रोझेशियाही काही महिन्यांत तयार होतो. मेडिकलवाल्यालाच आरोपी करून भागत नाही. औषध कायद्याच्या ‘शेड्यूल एच’मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, वरून लावायच्या औषधांना सवलत देणारी पळवाट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने सतत पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडांपुरती ती बुजवली गेली. स्टेरॉइडची मलमं एक्झिमात, सोरायसिसमध्ये वरदान ठरली आहेत, मग इथेच का दोष द्यायचा, असं विचारलं जातं. उत्तर सोपं आहे: चेहऱ्याची कातडी पातळ, औषध तिच्यात जास्त मुरतं, आणि रोझेशियात रक्तवाहिन्यांची ताण घेण्याची ताकद आधीच खचलेली असते. जे औषध कोपरावर चालतं ते गालावर चालेलच असं नाही.

मग खरा गुण देणारी औषधं आली कुठून? बहुतेक दुसऱ्या आजारांच्या कपाटातून. मेट्रोनिडाझोल आपल्याकडे आव पडली की घेतात ते; १९७६ मध्ये ब्रिस्टलच्या पाय आणि बर्टन यांनी त्याच्या गोळ्या रोझेशियात उपयोगी पडतात हे दाखवलं, १९८३ मध्ये नील्सन यांनी १ टक्का क्रीम वापरून पाहिलं, आणि १९८८ साली अमेरिकेत ०.७५ टक्क्याच्या जेलला मान्यता मिळाली. ॲझेलाइक आम्लाचा माग रोमच्या संशोधकांना शिब्यांचा अभ्यास करताना लागला. शिब्यांच्या पांढऱ्या चट्ट्यांमागे बुरशीने बनवलेलं हे आम्ल असावं, असा त्यांचा कयास होता. त्याच्या १५ टक्के जेलला २००२ मध्ये रोझेशियासाठी परवानगी मिळाली. हळव्या कातडीवर ते सुरुवातीला झोंबतं, तेव्हा थोडं लावून, हळूहळू वाढवत न्यावं लागतं. मेट्रोनिडाझोलच्या बाबतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती १९९८ मध्ये डाल आणि सहकाऱ्यांनी छापलेली चाचणी. त्यांनी आधी गोळ्या आणि जेल देऊन रुग्णांचे चेहरे साफ केले आणि मग खरा प्रश्न विचारला: पुढचे सहा महिने काय होतं? नुसतं औषधाविना जेल लावणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांचा आजार परतला, मेट्रोनिडाझोल लावत राहिलेल्यांपैकी २३ टक्क्यांचा. इथे माप बदललेलं दिसतं. लाली उतरवणं हे काम गोळीचं. जेलचं काम ती पुन्हा चढू न देणं.

या चाचण्यांत आणखी एक गोष्ट वारंवार दिसते: औषध नसलेलं नुसतं क्रीम लावणाऱ्या गटाचीही बऱ्यापैकी सुधारणा होते. यावरून कुणी म्हणेल की औषध हा नुसता भास आहे. तसं नाही, औषधाचा गट पुढेच राहतो. पण ओलावा धरून ठेवणारा, न झोंबणारा साधा लेप दुबळ्या कातडीला सावरतो, ही त्यातली माहिती फुकट घालवू नये. सौम्य साबण, रोज मॉइश्चरायझर आणि उन्हापासून संरक्षण याला आज उपचाराचा पाया मानतात, आणि पारा चोळणाऱ्या शतकांच्या नजरेतून पाहिलं तर ही जवळजवळ शरणागती आहे.

रक्तवाहिन्या आकसवणारं ब्रिमोनिडिन जेल २०१३ मध्ये आलं, तेव्हा घाईचं माप पुन्हा डोकं वर काढतं की काय असं वाटलं. हे मूळचं काचबिंदूचं औषध. लावल्यापासून अर्ध्या तासात लाली फिकट पडू लागते आणि परिणाम बारा तासांपर्यंत राहू शकतो. वापर वाढला तशा परिणाम ओसरल्यावर लाली पूर्वीपेक्षा गडद होऊन परतल्याच्या तक्रारी आल्या, सगळ्यांच्या नव्हे, पण दुर्लक्ष करण्याइतक्या थोड्याही नव्हे. तरी या जेलला स्टेरॉइडच्या रांगेत बसवणं अन्याय होईल. ते कातडी पातळ करत नाही. आणि तातडीची गरज हा रुग्णाचा नखरा नसतो: लग्नकार्य, मुलाखत, चारचौघांत बोलायचा प्रसंग असतो, आणि लाल चेहऱ्यावरून दारूचा अंदाज बांधणारे लोक अजून संपलेले नाहीत. माझा आक्षेप घाईला नाही, घाईलाच इलाज समजण्याला आहे. आधी चेहऱ्याच्या छोट्या भागावर लावून पाहावं, मग गरजेपुरतं वापरावं, अशा बेताने अनेक डॉक्टर आता ते देतात.

कारण कळलं की औषध सापडतं, एवढाच हा सरळ इतिहास आहे, मापाबिपाचा प्रश्न नाही, असंही म्हणता येईल. डेमोडेक्सची गोष्ट त्याच्या आड येते. केसांच्या मुळांशी राहणारी, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ही कीड बर्लिनच्या गुस्टाव्ह सिमोन यांनी १८४२ मध्येच वर्णन केली होती. पण ती निरोगी चेहऱ्यांवरही सापडते, म्हणून तिला दोषी धरायला बहुतेक जण तयार नव्हते. १९९३ मध्ये ब्रसेल्समध्ये फोर्टाँ आणि सेस यांनी काचपट्टीवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब घेऊन तो गालावर दाबला, वाळल्यावर उपटला आणि एक चौरस सेंटिमीटरमधली कीड सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. रोझेशियाच्या रुग्णांत सरासरी १०.८, निरोगी लोकांत ०.७. प्रश्न कीड आहे की नाही हा नव्हता, किती आहे हा होता. तरीही ती मूळ कारण की सोबतीण हे अजून पुरतं सुटलेलं नाही, आणि कित्येक वर्षं गुण देत आलेल्या मेट्रोनिडाझोलने तर तिला फारसं काही होत नाही. तिच्यावर चालणारं, जपानच्या मातीतल्या जंतूपासून निघालेलं आणि आधी नदीकाठच्या अंधत्वावर (‘रिव्हर ब्लाइंडनेस’) वापरलेलं आयव्हरमेक्टिन १ टक्का क्रीमच्या रूपात २०१४ च्या अखेरीस मान्य झालं, सिमोन यांच्यानंतर १७२ वर्षांनी.

या क्रीमची मेट्रोनिडाझोलशी थेट तुलना ९६२ रुग्णांवर झाली. १६ आठवड्यांत पुटकुळ्या आयव्हरमेक्टिनने ८३ टक्क्यांनी कमी झाल्या, मेट्रोनिडाझोलने ७३.७ टक्क्यांनी. पूर्वीच्या काळी अभ्यास इथे संपला असता. इथे मात्र ज्यांचे चेहरे साफ झाले त्यांचं औषध बंद केलं गेलं आणि पुढचे ३६ आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. आजार परतेपर्यंतचा मध्यक काळ आयव्हरमेक्टिननंतर ११५ दिवस, मेट्रोनिडाझोलनंतर ८५. आणि त्या ३६ आठवड्यांत आजार परतलेले रुग्ण दोन्ही गटांत साठ टक्क्यांहून जास्त होते.